रक्त थांबलं ती दुपार

आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून मी देवाशी अबोला धरला होता. फ्रीगंजमधल्या आमच्या घरून महाकालाचं देऊळ काही लांब नाही, पण पाय वळतच नव्हते. ज्यानं एकदा ऐकलं नाही त्याला पुन्हा काय सांगायचं! अशातच मला डेंग्यू झाला.

पाचव्या दिवशी ताप उतरला. माझ्या मुलीला, मुक्ताला, हायसं वाटलं. पण त्याच सकाळी माझ्या नाकातून रक्त सुरू झालं, ते थांबेचना. दवाखान्यात तपासलं तर प्लेटलेट्स अगदी तळाला गेलेल्या.

डॉक्टरीणबाई मराठी होत्या. मी घाबरलेली पाहून शेजारी बसल्या. "काकू, नस कुठे फाटली की प्लेटलेट्स आधी धावतात. फाटलेल्या जागी चिकटतात, पसरतात, त्यांना जणू हात फुटतात. मग बाकीच्यांना हाक मारतात आणि एकमेकींना धरून भोक बुजवतात. त्यावर रक्तातलेच धागे जाळं विणतात, की गुठळी पक्की. तुमच्याकडे हाक ऐकणाऱ्याच कमी उरल्यात. दाता शोधावा लागेल."

मुक्ताचा रक्तगट जुळला नाही. ती मोबाईल घेऊन बाहेर गेली आणि मला ग्लानी आली. डोळे मिटले तर आतच कुठेतरी आमची शिप्रा नदी वाहताना दिसली. काठ एका जागी फुटलेला, तिथे चार-दोन बाया कमरेइतक्या पाण्यात हात पसरून उभ्या. हाका मारत होत्या, पण कुणी येत नव्हतं. मला त्यांची फार दया आली. पहिल्यांदाच मी देवाकडे काही मागितलं नाही. "आता तूच बघ," एवढंच म्हटलं.

मुक्ता धावतच आत आली. "आई, मिळाले! खाली एक पहिलवान आहेत, देवास गेटकडे आखाडा चालवतात. भावाला द्यायला आले होते, पण भावाच्या प्लेटलेट्स आपोआप वाढल्या. जाता जाता रक्तपेढीच्या खिडकीवर विचारत होते, किसी और को चाहिए क्या? गट तुझाच, आई!"

तपासणी झाली. मग ते पहिलवान तासाहून जास्त वेळ मशीनजवळ हात लांब करून बसले. मला वाटलं होतं लाल रक्त येईल, पण पिशवी हळदीच्या पाण्यासारखी फिकट पिवळी होती. थेंब थेंब ते आत उतरत गेलं तशा मिटल्या डोळ्यांपुढे फुटल्या काठाकडे बाया येऊ लागल्या, दहा, वीस, मग मोजता येईनात. हातात हात गुंफून उभ्या राहिल्या. कुणीतरी वरून अलगद जाळं टाकलं.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन कलतं होतं. नाकातला कापूस कोरडा होता.

बरी झाल्यावर आम्ही दोघी आखाड्यात गेलो. मी हात जोडले तर ते संकोचून म्हणाले, "माताजी, मैं तो भाई के लिए आया था. भेजने वाला कोई और था."

परवा रक्त तपासायला गेले होते. सिस्टरनं सुई काढून कापूस दाबला आणि थोड्या वेळानं उचलला. त्वचेवर मोहरीएवढा तांबडा ठिपका, कोरडा. माझ्या नकळत, मी न सांगता, आत कुणीतरी धावून आलं होतं आणि आपलं काम करून स्तब्ध झालं होतं. असं आयुष्यभर किती वेळा झालं असेल! मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"दुखतंय का, आंटी?" सिस्टरनं विचारलं.

मला रडू आवरत नव्हतं. नुसती मान हलवली, नाही म्हणून.