जोंधळेबाईंची भिंत

पहिलीच्या वर्गात जोंधळेबाईंना मी खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलं नाही. शाळेत आल्या त्याच दिवशी त्या फरशीवर मांडी घालून बसल्या आणि मला म्हणाल्या, "सर, जरा खाली बसा. लेकराला इथून काय दिसून राहिलं ते बघा." मी बसलो. सगळे सुविचार छताजवळ. "हे कोनासाठी लिवलं? पालीसाठी?"

आमची शाळा भोकरच्या पुढे, आडबाजूची. गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूपबंद, कारण फाटली तर वर जाब द्यावा लागतो, ही हेडमास्तरांची भीती. बाईंनी किल्ली मागून घेतली, ती परत दिलीच नाही. पुस्तकं लेकरांच्या हाताला येतील अशी सुतळीवर टांगली. "फाटू द्या. पुस्तक काय लोनचं हाय, मुरत ठेवायला?"

बंजारा तांड्यावरची रेणुका दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नव्हती. हेडमास्तरांनी तिला 'मंद' ठरवून टाकलं. बाई भडकल्या. "तिची बोली आपल्याला येत न्हाई, अन् मंद ती?" त्यांनी भिंतीचा खालचा पट्टा काळा रंगवला. लेकरू जे बोलेल ते तिथं लिहायचं. एकदा रेणुका रडता रडता 'याडी' म्हणाली, म्हणजे आई. बाईंनी ते ठळक लिहिलं. दुसऱ्या दिवशी पोरीनं त्यावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. मग 'शेळी' वाचली, 'भाकर' वाचली, सुतळीवरची पुस्तकंही हातात घेऊ लागली.

आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांची भेट ठरली. हेडमास्तरांनी सुट्टीत तो पट्टा चुन्यानं पोतून घेतला आणि वर, छताला चिकटून, वाचनाचं महत्त्व सांगणारा नवा सुविचार रंगवला. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. सोमवारी रेणुका त्या कोऱ्या भिंतीवर हात फिरवत राहिली. साहेबांनी स्वच्छतेचं कौतुक केलं. बाई हेडमास्तरांना एवढंच म्हणाल्या, "लेकराची माय पुसलीत, सर." मग शाळेच्या खिचडीच्या चुलीतला कोळसा आणून लेकरांच्या हाती दिला. "पांढऱ्यावर काळं उठून दिसतंय. लिवा."

उन्हाळ्यात त्यांची लातूरकडं बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. भिंत पुन्हा पोतली गेली, पुस्तकं पुन्हा कपाटात गेली आणि पहिली-दुसरी माझ्या गळ्यात पडली.

परवा तांड्यावरचं एक नवं पोर दाराशी रडत होतं. दुसरीतली रेणुका मला न विचारता उठली, बाहेरून कोळसा घेऊन आली आणि भिंतीच्या तळाशी तिनं 'याडी' लिहिलं. पोराचं बोट धरून त्यावर ठेवलं. तेवढ्यात हेडमास्तर दारात आले. "भिंत कोणी घाण केली?"

मी फरशीवरच बसलो होतो. म्हणालो, "सर, जरा खाली बसा. इथून वाचा."