मताला इंग्रजीची अट

"व्हॉट इज युवर नेम?"

स्टेजवर उभं राहून भैयासाहेबांनी माझ्या आईला विचारलं. माईकमधून. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

आईच्या हातात झाडू. तो कुठं ठेवावा हे तिला कळेना. खाली ठेवावा तर पाहुण्यांच्या पायाशी, हातात धरावा तर चारचौघांत बरं दिसत नाही. तिनं तो पाठीमागं लपवला.

"नेम, मावशी, नेम."

"जी?" आई म्हणाली.

हॉल हसला. मागची पोरं बाकं बडवून हसली. पहिल्या रांगेतले प्राध्यापक तोंडावर रुमाल धरून हसले. प्राचार्यही हसले. मी बाजूला स्पर्धकांच्या खुर्चीत बसले होते. पुढचा नंबर माझा होता.

ही बीडमधली गोष्ट. 'खुलं झालं, खुलं झालं' असं सगळीकडे चाललं होतं तेव्हाची. बाजार खुला झाला. परदेशी कंपन्या आल्या. घराघरांवर केबलच्या तारा लोंबायला लागल्या. बसस्टँडसमोर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या, फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या. आमच्यासाठी नेमकं काय खुलं झालं ते दिसत नव्हतं. बाप वारल्यावर आई मला घेऊन चौसाळ्याकडच्या आमच्या खेड्यातून शहरात आली. एका कॉलेजात तिला झाडायचं काम मिळालं. रोजंदारीवर. फक्त झाडायचं. पाण्याच्या माठाला तिनं हात लावायचा नाही. तसं कुणी तोंडानं म्हणत नसे. पण माठ भरणारा माणूस सुट्टीवर गेला की माठ कोरडा राहायचा, आईला कुणी 'भर' म्हणायचं नाही. आम्ही समजून होतो.

त्याच कॉलेजात मी बी.ए.ला होते.

संस्था भैयासाहेबांच्या वडिलांची. शंभर एकर जमीन, राजकारण, सगळं घरात. भैयासाहेब अमेरिकेत शिकून आले होते. गोरेपान, हसतमुख, कुणाशी बोलताना आवाज चढवायचे नाहीत. कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धेचा विषय त्यांनीच ठरवला, पाहुणेही तेच होते. 'ज्याला इंग्रजी येते त्यालाच मताचा अधिकार असावा.' विरोधात बोलायला भरपूर नावं आली. बाजूनं कुणी मिळेना. तेव्हा मराठीच्या सरांनी मला बोलावलं.

"तू बाजूनं बोल," सर म्हणाले. "तुझ्यासारखीनं बाजूनं बोललं तर वजन पडतं."

तुझ्यासारखीनं. म्हणजे कशीनं, ते त्यांनी सांगितलं नाही. भाषणही त्यांनीच लिहून दिलं. मी पाठ केलं. वादविवाद म्हणजे कोणतीही बाजू मांडता आली पाहिजे, असं सर शिकवायचे. ते मला पटलं होतं. भाषण पाठ करताना एक गोष्ट मात्र डोक्यात टोचायची. आमच्या गावच्या शाळेत इंग्रजीचे सर बीडहून एस.टी.नं यायचे. गाडी चुकली की इंग्रजी नाही. गाडी नेहमी चुकायची. आठवीचं माझं इंग्रजीचं पुस्तक वर्षाच्या शेवटीही नवंकोरं होतं. आता तीच भाषा येत नाही म्हणून मत काढून घ्या, असं मला उभं राहून म्हणायचं होतं.

आई त्या दिवशी हॉलच्या दाराशी थांबली होती. कार्यक्रम संपला की फुलं, पाकळ्या, कागद झाडायचे म्हणून. भैयासाहेबांनी तिला पाहिलं आणि खूण केली.

"मावशी, या ना वर. घाबरू नका. गंमत आहे."

आई घाबरत नव्हती. तिला वाटलं, स्टेजवर काही सांडलंय.

ती 'जी' म्हणाली आणि हशा झाला. तो ओसरल्यावर भैयासाहेब माईककडे वळले.

"हसू नका. यांचा दोष नाही. पण विचार करा. देशाचं बजेट इंग्रजीत. हायकोर्टाचे निकाल इंग्रजीत. नवं आर्थिक धोरण इंग्रजीत. यातलं एक अक्षर या मावशींना कळत नाही. आणि तरी यांचं एक मत, माझंही एकच मत. हा न्याय आहे का?"

टाळ्या पडल्या. लई पडल्या. आईला वाटलं आपलं काम झालं.

"जाऊ का साहेब?" तिनं विचारलं.

प्राचार्य म्हणाले, "जाता जाता ते हार उचल."

आईनं वाकून हार उचलले. एका हातात झाडू, एका हातात हार. माझ्या समोरूनच ती खाली उतरली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. ही माझी पोरगी आहे हे चारचौघांत कळू नये म्हणून ती कॉलेजात कधीच माझ्याकडे बघायची नाही.

माझं नाव पुकारलं.

मी स्टेजवर गेले तेव्हा पाठ केलेलं भाषण डोक्यात होतं. पहिलं वाक्यसुद्धा ओठावर होतं. माईकसमोर उभी राहिले आणि ते वाक्य म्हणवेना. घंटी वाजवणारे सर घड्याळ बघायला लागले. मागून कुणी तरी ओरडलं, "इंग्लिशमधी बोल!" पुन्हा हशा.

मी म्हणाले, "त्यांचं नाव गयाबाई. त्या माझ्या आई आहेत."

पहिल्या रांगेतले रुमाल तोंडावरून खाली आले.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. जे आठवतं ते सांगते. शुद्ध बोलायचं मी विसरून गेले होते. घरी बोलतो तशी बोलत होते.

"भैयासाहेब, तुमी मतं मागायला आमच्या वस्तीत येता, तवा कोणत्या भाषेत येता? काडीपेटीवर कर घेताना आमाला इंग्रजी येतं का म्हून कुनी विचारत न्हाई. बजेट इंग्रजीत हाय ही माझ्या आईची चूक हाय का? कायदा आमच्यावर चालतो, मग तो आमच्या भाषेत कावून न्हाई? ज्यानं घटना लिहिली त्याला तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त इंग्रजी येत हुतं. त्यानं माझ्या आईला मत देताना इंग्रजी विचारलं न्हाई. तुमी कोन विचारनारे?"

घंटी वाजली. मी थांबले नाही. मग माईक बंद झाला. मी बिनमाईकची बोलत राहिले. मागच्या बाकांवरची हसणारी पोरं आता खाली बघत होती. भैयासाहेब हसतच होते, पण नुसते ओठ. प्राचार्य उठले, माझ्या दंडाला धरलं आणि मला खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. भैयासाहेब तिथंच बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"पाहुण्यांचा अपमान केलास," प्राचार्य म्हणाले. "माफीनामा लिहून दे. इंग्रजीत. निदान तेवढ्यापुरतं तरी शिकशील."

भैयासाहेबांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून माझ्यासमोर धरलं. वर मऊ आवाजात म्हणाले, "स्पेलिंग अडलं तर मी सांगतो."

आईचं काम, माझी परीक्षा, खोलीचं भाडं, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी पेन घेतलं नाही.

"इंग्रजीत लिहिनार न्हाई," मी म्हणाले. "मराठीत बी लिहिनार न्हाई."

मी बाहेर आले. त्याच दुपारी आईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

मला वाटलं होतं, आई मला जवळ घेईल. तसं झालं नाही. खोलीवर आल्या आल्या तिनं हातातली पिशवी भिंतीवर फेकली.

"तुला कुनी सांगितलं हुतं माझं नाव काढायला?" ती म्हणाली. "हसले तर हसले. मला काय हसून भोकं पडतेत? रोजच हसत्यात. आता चूल कशानं पेटवू, सांग की!"

"आई, ते तुझं मत काढून घ्या म्हणत होते."

"मत, मत! मत काय ताटात वाढनार हायस का?"

मी रडले नाही. आईही रडली नाही. आम्ही दोघी एकमेकींवर चिडून बसलो. ज्यांच्यावर चिडायचं ते आमच्या हाताच्या पल्ल्यात नव्हते, म्हणून एकमेकींवर. आईचा राग खरा होता. माझाही खरा होता. भाकरी आणि मान, दोन्ही एकाच वेळी मागायची सोय आमच्यासारख्यांना कुणी ठेवलेली नव्हती. याची चीड मला आजही येते.

कॉलेज सुटलं, ते वर्ष माझं गेलं. आई एका खाणावळीत भांडी घासायला लागली. मीही तिच्यासोबत घासली. बी.ए. मी पुढं बाहेरून परीक्षा देऊन केलं. इंग्रजीही शिकले. भैयासाहेबांना दाखवायला नाही. मला पाहिजे होती म्हणून. भाषा चांगली आहे. भाषेशी माझं भांडण कधीच नव्हतं.

पुढच्या निवडणुकीला आई सकाळीच लुगडं नेसून तयार झाली. मी काही बोलले नव्हते. रांगेत ती माझ्या पुढं उभी होती. तिनं मागं वळून एकदाच बघितलं.

"ते म्हनत हुते ना, काढून घ्या," ती म्हणाली. "म्हंजी कायतरी किंमत असंल याची."

तिनं शाई लावायला बोट पुढं केलं. ताठ.

आता मी वस्तीतल्या पोरींना इंग्रजी शिकवते. वस्तीत कुणालाही सरकारी नोटीस इंग्रजीत आली की मी त्याच्यासोबत ऑफिसात जाते आणि ती साहेबाच्या टेबलावर परत ठेवते. मला ती वाचता येते. तरी ठेवते. मराठीत द्या म्हणते. साहेब चिडतात, हेलपाटे घालायला लावतात. मी घालते.

शिकलेली, चांगल्या नोकरीतली माणसं चहा पिता पिता मला अजून म्हणतात, अडाण्यांच्या मतानं देशाचं वाटोळं झालं, काही तरी अट पाहिजे. मी कप खाली ठेवते. त्यांना सांगते, भाषा शिकवायची असंल तर या, शाळा काढा, मी खडू घेऊन उभी राहते. पण आमच्या मताला अट लावायला आलात, तर मतदान केंद्राच्या दाराशी मी उभी असेन. एकटी नाही. ज्यांना ज्यांना तुम्ही स्टेजवर बोलावून हसलात, त्या सगळ्यांना घेऊन.