शेवटच्या रांगेतलं पाचवं शील

दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये हे मला आईनं शिकवलं, आणि ऐकण्याचा पगार मला सरकारनं दिला. बावीस वर्षं मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडून दिला की कान काढून घ्यायचा, असा नियम होता. तो किती जणी पाळायच्या ते विचारू नका. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले, मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि माझ्या कानांना काम उरलं नाही. खोड मात्र उरली.

२००६ साली आम्ही पुण्यात विश्रांतवाडीला राहायला आलो. दर रविवारी सकाळी मी जवळच्या बुद्धविहारात वंदनेला जाऊ लागले. चाळीस-पन्नास माणसं एका सुरात पंचशील म्हणायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू आणि नशेपासून लांब राहण्याचं. तिसऱ्याच रविवारी माझ्या लक्षात आलं, की शेवटच्या रांगेतला एक खर्जातला आवाज चौथं शील ठणठणीत म्हणतो आणि पाचव्याला गप्प होतो.

तो आवाज रतन ओव्हाळ यांचा. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा सदरा, खराडीच्या एका आयटी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. मला कुतूहल म्हणजे खाज. खाजवल्याशिवाय चैन पडत नाही. शेजारच्या यमुनाबाईंना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की ओव्हाळ पाचवं शील म्हणत नाहीत, तुमच्या लक्षात आलंय का? यमुनाबाई म्हणाल्या, म्हणजे पुन्हा सुरू झाली वाटतं. ‘पुन्हा’ हा शब्द ऐकून मला आणखीच उत्साह आला.

रविवारची गोष्ट बुधवारी बसच्या ठेकेदाराकडे पोचली. आमच्या एक्स्चेंजमध्येही इतक्या लवकर लाइन मिळत नसे. त्यानं रतनना बोलावून विचारलं, की पीत नाहीस तर पाचवं शील का म्हणत नाहीस? रतन म्हणाले, सात वर्षांत दारूला शिवलो नाही, पण गप्प का बसतो ते सांगता येणार नाही. तीस पोरापोरींना रोज नेणाऱ्या ड्रायव्हरचं असलं उत्तर कोण ऐकून घेईल? ठेकेदारानं बसची किल्ली काढून घेतली. महिनाअखेरपर्यंत कारण सांग, नाहीतर दुसरा माणूस कायम, असं बजावलं.

मला अपराधी वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त कुतूहल वाटलं. हातची नोकरी चाललेली असताना माणूस तोंड का उघडत नाही? मी त्यांच्या घरी जाऊन थडकले. रतन बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोनं, शालूताईंनी, चहा टाकला आणि न विचारता सगळं सांगितलं.

रतन कामाला होते तो पिंपरीकडचा कारखाना शहाण्णव साली बंद पडला. वीस वर्षं भोंग्यावर उठणारा माणूस सकाळीच गुत्त्यावर जाऊन बसू लागला. मुलीच्या शाळेत झोकांड्या खात गेले, तेव्हापासून मुलगी त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालेना. शालूताई दर रविवारी त्यांना हाताला धरून विहारात आणायच्या. तिथं ते चार शीलं म्हणायचे आणि पाचव्याला तोंड मिटून घ्यायचे.

शालूताईंचं माहेर मांजरी गावचं, बोलण्यात ते डोकावतं. त्या म्हणाल्या, “मला खोटं बोलायचे, पोरीची शपथ घेऊन खोटं बोलायचे. पण चौथं शील घेऊन लगेच पुढं खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. म्हटलं, या माणसात एक जागा अजून शाबूत हाय.”

त्या एका जागेवर बाईनं तीन वर्षं काढली. नव्व्याण्णव साली एका सकाळी रतननी पाचवं शील घेतलं, तेही फक्त त्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. संध्याकाळी गुत्त्याची ओढ लागली की ते विहारात जाऊन झाडू मारायचे आणि बुद्धमूर्तीपुढं दिवस पाळल्याचं सांगून घरी यायचे. अजूनही रोज सकाळी घरी एका दिवसाचंच शील घेतात.

मग विहारात गप्प का? तर रतन पिणाऱ्यांना विहारात आणतात. आधी एक रिक्षावाला, मग एक हमाल, मग एक कंपाउंडर. प्रत्येकाला सांगणं एकच: चार म्हण, पाचव्याला खोटं बोलू नको, गप्प बस. मीही तुझ्याबरोबर गप्प बसतो, तू म्हणशील त्या दिवशी मी म्हणेन. आणि नाव कुणाला कळणार नाही. हमालासाठी ते अकरा महिने गप्प होते. आता कोण आहे, असं मी विचारलंच. ते मलाही सांगत नाहीत, असं शालूताई म्हणाल्या.

परत येताना मी रस्त्यातच थांबले. पाचव्या शीलाला एक आवाज गळतो असं मी जगाला सांगितलं होतं. गळत होते दोन. रतनच्या शेजारी दर रविवारी सौरभ बसायचा, आमच्या वस्तीतला पहिला इंजिनिअर. आंबेडकर जयंतीच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो होता. रतनच्याच बसनं कामाला जायचा आणि सकाळी सदा तोंडात लवंग. त्याच्याकडे माझा कान वळलाच नव्हता, कारण तसल्या पोराबद्दल असं काही मनात येत नाही. या वेळी मी कुणाला काही बोलले नाही. पोट दुखलं, पण नाही बोलले.

संध्याकाळी विहारात गेले. रतन झाडत होते. ती गोष्ट माझ्यामुळे पसरली, असं मी सांगितलं.

“माहीत आहे, ताई,” ते म्हणाले. राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

तो कोण ते सांगून टाका, नोकरी वाचेल, असं मी म्हटलं.

“त्याचं नाव त्याचं आहे. ते मी कसं वाटणार?” त्यांनी केर भरून घेतला. “रविवारी मागे येऊन बसा.”

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी मागे बसले, रतनच्या डाव्या हाताला, उजवीकडे सौरभ. वंदना सुरू होण्याआधी तो उभा राहिला.

“मी पितो,” तो म्हणाला. “काका माझ्यासाठी गप्प बसतात. काल ठेकेदारांनाही सांगून आलोय.”

त्याची आई पुढच्या रांगेत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही, पदर तोंडाशी धरला. कार्यवाह नागोराव दोनदा खाकरले आणि त्यांनी वंदना सुरू केली.

तीन शीलं झाली. चौथं आलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी खोटं बोलले नव्हते, अर्धं ऐकलेलं फक्त पूर्ण म्हणून सांगितलं होतं. पण त्याला दुसरं नाव मला सापडेना. मी गप्प राहिले, आणि माझ्या शेजारचा खर्जातला आवाजही थांबला.

पाचव्याला सौरभ तोंड मिटून होता. रतनही. सोमवारी किल्ली परत मिळाली.

पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास संपला त्या रविवारी सौरभनं पाचवं शील म्हटलं, सगळ्यांच्या मागून, एकट्यानं. त्याच्यामागून रतननी. माझं चौथं अजून राहिलं आहे. दर रविवारी ते आलं की मी थांबते, आणि माझ्या शेजारी रतन ओव्हाळ थांबतात.