पथ्याचा डबा

माझ्या सासऱ्यांचा पाय गेला तो साखरेनं. आधी अंगठ्याला साधी जखम, चप्पल लागल्याची. मग अंगठा काढला, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्याखालून. शेवटची दोन वर्षं त्यांचं सगळं मीच केलं, ड्रेसिंगसकट. डायबेटिस म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो वास आजही नाकातून गेलेला नाही.

म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटाला कंपनीच्या तपासणीत आमच्या यांच्या रक्तात साखर निघाली, तेव्हा माझ्या तोंडचं पाणीच पळालं. हे सातपूरला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, पत्रा दाबायच्या मशीनवर, होते. वय चाळिशीच्या आत, अंगानं काटकुळे. कागद हातात घेऊन हसत हसत घरी आले. "थोडीशीच आहे म्हणे. एक गोळी दिलीये, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची." मी त्या कागदाकडे बघितलंच नाही. मी यांचे अंगठे बघत होते. त्या दिवसापासून चपला काढल्या की रोज बघायची.

आमच्या पलीकडच्या गल्लीत एका मोठ्या साहेबांचं घर होतं. त्यांनाही साखर. साहेबांच्या बायकोनं मुंबईच्या कुठल्याशा डॉक्टरांचा पथ्याचा कागद झेरॉक्स करून मला दिला. तिची माया खरी होती, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. कागदावर भात बंद, बटाटा बंद, शेंगदाणे बंद, तेल बंद, मीठ बंद, बाजरीचं तर नावच नाही. सकाळी दोन कोरडे फुलके, उकडलेला दुधी, काकडी. संध्याकाळी तेच, फक्त दुधीच्या जागी दोडका. माझं माहेर चांदवडकडचं. बाजरीची भाकरी, मठाची म्हणजे मटकीची उसळ आणि कांदा खाऊन म्हातारी झालेली माणसं मी लहानपणापासून बघितलेली. पण छापील कागद समोर आला की आपली अक्कल गहाण पडते, तशी माझी पडली.

कागद मी ओट्याच्या वरच्या फरशीला चिकटवला. शेंगदाण्याचा डबा माळ्यावर टाकला. द्राक्षांचे दिवस होते, यांच्या सोबत्यानं मळ्यातली पेटी आणून दिली, ती मी तशीच उचलून शेजारी देऊन टाकली. रोज सकाळी साखर बघायला परीक्षानळीत दवाखान्यातलं निळं औषध आणि यांची लघवी गॅसवर धरायची. निळंच राहिलं की सुटले, हिरवं झालं की काळजी, विटकरी झालं की मेले. नळी हातात धरून उभी असताना मला काहीही ऐकू यायचं नाही. पोरं शाळेच्या बुटांसाठी ओरडायची, दूध उतू जायचं, माझे डोळे त्या रंगावर. दोन पोरं पदरात आणि नवरा खाटेवर, हे चित्र रोज सकाळी माझ्यासमोर उभं राहायचं.

पण रंग सुधारला! महिन्याभरात हिरवं नाही, पिवळं नाही, लख्ख निळं. डबा घासूनपुसून रिकामा यायचा. इतका स्वच्छ, की मला घासायला काही उरायचंच नाही. मी साहेबांच्या बायकोला जाऊन सांगितलं, "अहो, दुधीसुद्धा आवडीनं खातात आता." हे वाळत चालले होते ते मला दिसत होतं. पण वजन उतरणं चांगलं असं कागदावर लिहिलं होतं ना! यांची पँट मी दोनदा कमरेत आत घेतली. हे कधी काही बोलले नाहीत. बोलण्याचा स्वभावच नव्हता, आणि माझ्यापुढे तर नव्हताच.

एक दिवस यांची कारखान्यात सकाळची पहिली पाळी होती. साडेअकराच्या सुमाराला दारात स्कूटर थांबली. यांचा सोबती, तोच द्राक्षांच्या पेटीवाला, निफाडकडचा. प्रेसवाल्याच्या घरी असं अवेळी कुणी आलं की बाईच्या मनात एकच येतं. प्रेसखाली बोटं जातात, मनगटं जातात, आमच्या कॉलनीत तसे तिघं होते. मी भिंत धरली आणि एवढंच विचारलं, "हात?"

"हात हायेत वहिनी, दोन्ही हायेत. नुसती चक्कर आली. मी बाजूलाच होतो, मागं ओढलं. तुम्ही चला."

मागं ओढलं. म्हणजे पुढे झुकले होते. त्याच्या मागं स्कूटरवर बसून कंपनीच्या दवाखान्यापर्यंत जाताना मला रस्ता दिसला नाही. देवाला काय काय कबूल केलं तेही आता आठवत नाही. हे खाटेवर आडवे, अंग घामानं भिजलेलं, हातात सलाईन, ओठ पांढरे. माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि मला रडू फुटलं.

डॉक्टर वयस्कर होते, तोंडानं फटकळ. "साखर वाढली म्हणून नाही, पार उतरली म्हणून पडलेत हे. गोळी घेतल्यावर काय खाल्लं होतं?"

"डबा दिला होता मी," मी म्हणाले. "दोन फुलके, दुधी, काकडी."

हे छताकडे बघत होते. सोबती दारात उभा राहून टोपी कुस्करत होता. शेवटी तोच बोलला. "साहेब, महिना झाला, हे आमच्यात जेवायलाच बसत नाय."

मग सगळं बाहेर आलं. कारखान्यात पाचसहा जणांचं कोंडाळं असायचं. सगळ्यांचे डबे मधे उघडायचे, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यायचं, डब्याच्या झाकणात वाढून. आपला डबा आपणच खाल्ला तर तो माणूस माणसात नाही, अशी रीत. माझी शेंगदाण्याची चटणी तिथं पहिल्यांदा संपायची, म्हणून मी आधी भाकरीही दोन जास्त द्यायची. पथ्याचा डबा पहिल्या दिवशी मधे ठेवला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काय रे, दवाखान्यातून आणला का?" सगळे हसले. वाईटावर नव्हते, आपली नेहमीची थट्टा. पण दुधीला कुणी हात लावला नाही. दुसऱ्याचं घ्यावं तर घेण्याजोगं आपण काही ठेवलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून हे "माझं झालंय" म्हणून गेटकडे फिरायला जायचे. डबा गाईपुढे रिकामा करायचा आणि नळाखाली धुवून पिशवीत ठेवायचा. गोळी मात्र न चुकता घ्यायचे, कारण ती मी रोज मोजून द्यायची.

उपाशीपोटी गोळी. महिनाभर. आणि समोर प्रेस. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. माझं तर त्या दिवशी सगळंच संपायला आलं होतं.

डॉक्टरांनी तो कागद मागवून बघितला. "बाई, हा बसून काम करणाऱ्या, जाडजूड, बीपीवाल्या माणसाचा आहे. मीठ त्याचं बंद केलंय. तुमचा नवरा आठ तास उभा असतो. याचा त्या कागदाशी संबंध काय?" त्यांनी कागद बाजूला सारला. "घरी आधी काय खायचा?" मी भीत भीत सांगितलं. बाजरी, मठ, मूग, मेथी, चटणी, कधी नागलीची भाकरी. "मग तेच द्या. साखर, गूळ, तळलेलं हात आखडून, बाकी पोटभर आणि वेळेवर. कशानं बरं वाटतं, कशानं झोप येते ते त्यालाच विचारा, मला नको." आणि गोळी निम्मी केली.

सोपं वाटतं ऐकायला. पण पहिल्या दिवशी भाकरी थापताना मी दोनदा पिठाचा गोळा परातीत परत ठेवला. प्रत्येक भाकरीत मला सासऱ्यांचा पाय दिसायचा. तरी पाच भाकरी केल्या, मुगाची डाळ घालून मेथी, मठाची उसळ, चटणीचा डबा माळ्यावरून खाली काढला. संध्याकाळी रिकाम्या डब्याला चटणीचं तेल लागलेलं होतं आणि तो घासताना मला बरं वाटलं. हळूहळू दोघांना कळत गेलं. दुपारी भात खाल्ला की यांना मशीनवर पेंग येते, तर भात रविवारी. बाजरी उन्हाळ्यात अंगावर उठते, तर तेव्हा ज्वारी. द्राक्षं ओंजळभर चालतात, आणि ती ओंजळ हे एकेक करून अर्धा तास खायचे, तोंडावर असं सुख की मला हसू यायचं. नळीतला रंग कधी निळा, कधी जरासा हिरवट. माझी छाती तेव्हाही धडधडायची. आजही धडधडते, खोटं कशाला बोलू?

चारपाच महिन्यांनी एकदा जेवताना यांनी ताट पुढे केलं. "अजून अर्धी वाढ." माझा हात टोपलीवरच थांबला. नको म्हणायचं तोंडावर आलं होतं. ते गिळायला म्हणून मी दुसरंच विचारलं, इतके दिवस न विचारलेलं. "तो महिनाभर मला का नाही सांगितलंत हो? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

यांनी पुढे केलेलं ताट खाली ठेवलं. "सांगितलं असतं, तर तू घाबरून अजून एक काहीतरी बंद केलं असतंस. साखरेची नव्हती गं एवढी भीती. तुझ्या तोंडाकडे बघून घास उतरत नव्हता."

मी अर्धी नाही, अख्खी भाकरी वाढली, आणि यांचं खाऊन होईपर्यंत ताटाकडे बघितलं नाही.