मॅटिनीनंतरची बाई

मांडवीच्या वाटेवर पूर्वी एक टॉकीज होती. तिच्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये अहमदनं उमेदीची सगळी वर्षं काढली. बाप होडीवरचा, भाऊ एकेक करून कुवेत-बहरीनला निघून गेलेले. अहमदला ना दर्याची ओढ होती ना आखाताची. त्याला आवडायचा केबिनमधला अंधार, यंत्राच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या काड्यांचा वास आणि भिंतीतल्या वीतभर काचेतून दिसणारा पडदा. फिल्म कुठं अडखळते आहे ते त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. तुटलीच, तर लोकांनी शिट्या मारायच्या आत तो ती जोडून मोकळा व्हायचा. गावात त्याला ‘मशीनवाले अहमदभाय’ म्हणत आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

दोन हजार सहाच्या सुमाराला मालक परशुरामशेठनी छपरावर डिश बसवली आणि जुनी यंत्रं भंगारात घातली. पिक्चर आता पत्र्याच्या पेट्यांतून एस.टी.नं येईना, आभाळातून उतरायला लागला. अहमदला मुंबईला पाठवून नवं यंत्र शिकवून आणलं. तो शिकलाही, पण ते यंत्र त्याच्या हातात कधी बसलं नाही. गुळगुळीत काचेवर बोट ठेवायचं, बस्स. सुरू करायचं बटण आणि थांबवायचं बटण एकाच आकाराचं, एकाच राखाडी रंगाचं, शेजारीशेजारी. कुठंही बोट लावा, यंत्र इंग्रजीत विचारायचं, नक्की ना? जुन्या यंत्रानं त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर यंत्राच्या कंपनीचा फोन आला. नवं सॉफ्टवेअर येणार आहे, यंत्र बंद करू नका, आपोआप होईल. दुसऱ्या दिवशी अहमदनं केबिन उघडली तर काचेवरची सगळी बटणं जागा बदलून बसली होती. आपल्या मागं घरात कुणी तरी येऊन भांडी हलवून ठेवावीत, तसं त्याला वाटलं. कुलूप तर त्यानंच लावलं होतं, आणि किल्ली त्याच्याच खिशात होती.

त्या दिवशी मॅटिनी सुटली. थेटर रिकामं झालं, सोनूबाई झाडू घेऊन आत शिरली. ती कितीतरी वर्षं तिथं झाडलोट करत होती. अहमदनं जेवणाचा डबा उघडला आणि यंत्राचा पंखा घुरघुरायला लागला. दिवा पेटला. आपलाच कुठं धक्का लागला असेल म्हणून त्यानं काचेतून पाहिलं.

पडद्यावर एक बाई होती. खांद्यापासून वर, केस मागं बांधलेले, चेहरा साधा, मागं करडी भिंत. बाजूला रंगांच्या पट्ट्या. ती समोर बघत होती. आवाज नव्हता.

पहिल्यांदा अहमद दचकला नाही. जुन्या रिळांच्या तोंडाशीसुद्धा अशा बाया असायच्या. कातडीचा रंग नीट उतरला का, हे लॅबवाल्यांना पाहता यावं म्हणून घातलेल्या. प्रेक्षकांना त्या कधी दिसत नसत. हीही तसलीच, म्हणून त्यानं थांबवायचं बटण दाबलं. यंत्रानं विचारलं, नक्की ना? त्यानं हो केलं. बाई तशीच राहिली. बऱ्याच वेळानं आपली आपण गेली.

मग ती रोजच यायला लागली, मॅटिनीनंतर, थेटर रिकामं असताना. अहमदनं सगळी बटणं धुंडाळली, पण तिला कुठून थांबवायचं ते सापडेना. कंपनीला फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, असं काही आमच्या यादीत दिसत नाही. बघून कळवते.

एकदा त्यानं काचेतून पाहिलं तर सोनूबाई झाडू बाजूला ठेवून मधल्या रांगेत बसली होती, हात मांडीवर घेऊन, पाहुण्यासमोर बसावं तशी. तो खाली गेला. भीती नाही वाटत का, असं त्यानं तिला विचारलं.

“भीती कसली?” सोनूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “इतकी वर्सां सगळी मान्सं या पडद्याकडं बगत आली. कुनीतरी तिकडनं बगायला नको?”

अहमद हसला, पण वर येईपर्यंत ते हसू विरलं. फोटोतलं माणूस समोर बघत असलं की ज्याला त्याला वाटतं आपल्याकडंच बघतंय, हे त्याला ठाऊक होतं. तशी पडद्यावरची बाई केबिनकडंही बघायचीच. पण त्या दिवशी त्यानं काचेला डोळा लावला तेव्हा ती केबिनकडं बघत नव्हती. तिची नजर खाली उतरली होती, मधल्या रांगेवर.

त्यानं बघायच्या काचेवर रुमाल अडकवला आणि शेठना सांगितलं, कंपनीचा माणूस बोलवा, नाहीतर मी घरी बसतो.

आला तो उमेर, मूळचा अंजनवेलचा पोरगा, बोलायला गोड. त्यानं यंत्र आपल्या लॅपटॉपला जोडलं आणि थोड्याच वेळात मान हलवली. यंत्र बनवणाऱ्यांनी चाचणीसाठी एक फोटो आत ठेवला होता. नव्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चूक केली आणि यंत्र रिकामं असलं की तो आपोआप लागायला लागला. बाई कोण, ते त्यालाही माहीत नव्हतं. असेल कारखान्यातलीच कुणी.

“तिचे डोळे हलतात,” अहमद म्हणाला.

“चाचा, फोटो आहे तो. फोटोत काय हलणार?” उमेरनं लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. बाई सरळ समोर बघत होती.

उमेरनं फोटो पुसून टाकला. जाताजाता त्यानं सुरू करायचं बटण हिरवं आणि थांबवायचं लाल करून दिलं. अहमदनं त्याला जेवूनच जाऊ दिलं.

त्यानंतर मॅटिनी सुटली की थेटर अंधारात राही. अहमदचा जीव भांड्यात पडला. सोनूबाई मात्र जराशी उदास दिसायची.

मग एका शुक्रवारी नवा पिक्चर लागला. थेटर गच्च भरलेलं. पडद्यावर लग्नाचा मोठा प्रसंग चालू होता, तेवढ्यात केबिनचा जिना वाजला. सोनूबाई आजवर कधी वर चढली नव्हती. ती धापा टाकत दारात उभी राहिली.

“अहमदभाय, ती लग्नात उभी हाय.”

त्यानं पाहिलं. मांडव माणसांनी भरलेला. सगळे नवरा-नवरीकडं बघत होते. मागच्या ओळीत एकच बाई बाहेर बघत होती. साधा चेहरा, केस मागं बांधलेले. क्षणभरच. मग दृश्य बदललं. पब्लिकमध्ये कुणाला काही जाणवलं नाही, टाळ्या चालूच होत्या.

त्या दिवसापासून अहमदनं पडद्याकडं पाहिलं नाही. बघायच्या काचेवर त्यानं पुठ्ठा चिकटवला. शेठना ते कधी कळलंच नाही, कारण नव्या यंत्राला बघणाऱ्या माणसाची गरजच नव्हती. हिरवं बटण दाबलं की झालं. सोनूबाई मात्र प्रत्येक नवा पिक्चर मागं उभी राहून बघायची. कुणी विचारलं तर म्हणायची, ओळखीचं मानूस हाय आत.

हे सगळं अहमदनं बायकोला सांगितलं ते फार नंतर. कनीज रोखठोक बाई. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, अंधारात बसून बसून तुमचं डोकं फिरलंय, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन स्वतःच पिक्चर बघून आली.

अहमद ओट्यावर वाट बघत बसला होता. दिसलं का काही, त्यानं विचारलं.

“काही नाही दिसलं,” कनीज म्हणाली. ती आत गेली, हातपाय धुतले, चहा टाकला. मग ट्रंकेतून एक जुनी चादर काढली आणि घरातल्या टीव्हीवर चारी बाजूंनी घट्ट पांघरून ठेवली. अहमद दारातून बघत राहिला.