डोक्यावर बसलेला कावळा

कोकिळा गाते असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या गच्चीवर येऊन बसावं. गातो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा, आणि त्याचा हेतू काही फार चांगला नसतो. समोरच्या कडुनिंबावर कावळ्यांनी काड्या आणि केबलच्या तारा खोचून घरटं केलं, की हा शेजारच्या फांदीवर येऊन बोंबलायला लागतो. कावळा-कावळी चिडून त्याच्या मागं धावतात. तेवढ्यात ठिपक्यांची करडी मादी घरट्यात शिरते, अंडं टाकते आणि पसार होते. संभाजीनगरच्या उन्हात मिरच्या राखत बसल्या बसल्या मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. कावळा चतुर म्हणतात. मला तर त्याच्याइतकं भोळं कुणी दिसलं नाही.

अर्थात पूर्वी मला झाडाकडं बघायला वेळ नव्हता. घरात मुलगी होती.

मुलगी धाकट्या दिराची. त्यांचं घर सोयगावला, शेती तिथलीच. मला मूल झालं नाही आणि जावेला ही तिसरी मुलगी. वर्षाची झाल्यावर जावेनं तिला आणून, नारळ आणि खणासकट, माझ्या ओटीत घातलं. कागद नाही, कोर्ट नाही. आमच्यात तेव्हा असंच चालायचं, पदर पुढं करायचा आणि समोरचीनं म्हणायचं, आजपासून तुमची. ती मला आई म्हणायची आणि सुटीत भेटणाऱ्या जावेला मम्मी. शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव दिराचंच राहिलं, कारण ते बदलायचं कुणाला सुचलं नाही.

दहावीचा निकाल लागला आणि दीर आले. "वहिनी, पोरगी आता मोठी झाली. उद्या सोयरीक जमवायची तर आमच्याच दारातून जायला पाहिजे," म्हणाले. ओटीत घातलेलं कुणी परत मागतं का, एवढंच मला विचारायचं होतं. विचारलं नाही. एरवी चारचौघांत न थांबणारी माझी जीभ नेमकी तेव्हा टाळूला चिकटली. बसस्टँडवर मी पदर तोंडात कोंबून रडले. ती रडली नाही. खिडकीतून समोर बघत बसली आणि बस निघाली. तिचं ते न रडणं मला फार लागलं. आणताना तिला कुणी विचारलं नव्हतं आणि नेतानाही विचारलं नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

पुढं तिनं डिप्लोमा केला आणि बिडकीनला एका कंपनीत लागली. बिडकीन आमच्यापासून तासाभराच्या आत. पहिल्याच रविवारी पेढे घेऊन आली. घरात नेमक्या पाहुण्या बसलेल्या. एकीनं विचारलं, "ही कुणाची?" ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मी काय बोलते ते तिला ऐकायचं होतं, हे मला कळलं होतं. कळूनही मी म्हणाले, "आम्ही आपले कावळे. अंडं कोकिळेचं होतं. पंख फुटले, गेलं उडून."

पाहुण्या हसल्या. तिनं पेढ्यांचा बॉक्स टीपॉयवर ठेवला, चपला घातल्या आणि गेली.

त्याला दोन वर्षं झाली. माझा फोन ती उचलत नाही. बिडकीनला जाऊन पाय धरावेत असं शंभरदा वाटलं, पण माझा ताठा आडवा आला. बाजारात कोवळी भेंडी दिसली की अजूनही माझा हात पाव किलो जास्तीची घेतो, कारण तिला भेंडी आवडते. मग आम्ही दोघं नवरा-बायको दोन दिवस भेंडीच खातो.

यंदा मृग तोंडावर आला असताना कोकिळेचं पिल्लू घरट्याबाहेर आलं. दिवसभर फांदीवर आ वासून बसायचं आणि कावळी त्याच्या घशात काहीबाही कोंबत राहायची. झाडाखालून जाणाऱ्या प्रत्येकावर ती धावून जायची. त्या सकाळी मी मिरच्या गोळा करायला गच्चीवर गेले, तर मागून आली, माझ्या डोक्यावर बसली आणि टोचून गेली. रक्त आलं.

शेजारच्या गच्चीवरून आत्याबाईंनी पाहिलं. आत्याबाई मूळच्या दौलताबादच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. मी खाली उतरेपर्यंत कपाळावर हात मारून घेत आमच्या घरात आल्या.

"अगं बया, डोक्यावर बसला व्हय? मरण घेऊन येतो तो. आता तू मेल्याचा खोटा सांगावा धाड कुणाला तरी. जवळचं मानूस रडलं म्हंजे टळतं."

आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर काढली. "आत्याबाई, लई शहाण्या हाव. हळद लावा आन् गप बसा."

मीही हसले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आजही नाही. पण आत्याबाईंनी विचारलं, "कुनाला लावू? तुझ्यासाठी रडंल असं कोन हाय?" आणि माझ्या तोंडून पोरीचा नंबर गेला. टळायचं काही नव्हतं. मला फक्त बघायचं होतं. याच्याइतकं हलकट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

आत्याबाईंनी फोन स्पीकरवर टाकला. "मी शेजारची आजी बोलती. तुझी काकू गेली गं बाई, आत्ताच."

पलीकडं यंत्रांचा आवाज येत होता. ती एक शब्द बोलली नाही. मग फोन कट झाला.

"रडली नाय," आत्याबाई म्हणाल्या. "रडल्याबिगर उपेग नाय. दुसऱ्या कुनाला तरी लावू."

मी नको म्हटलं. जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. आमचे हे माझ्यावर जन्मात ओरडले नव्हते, तेवढे ओरडले आणि खरं काय ते सांगायला तिला फोन लावत बसले. आधी एंगेज लागला, मग नुसताच वाजत राहिला.

पाऊण तासानं फाटकाशी स्कूटी थांबली. अंगात कंपनीचा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र, हेल्मेट काढायचंही भान नाही. डोक्यावर हळद थापून मी खुर्चीत बसलेली. ती दारातच थबकली. मी उठले आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून विचारलं, "जेवलीस का?"

"कुणी सांगितलं हे करायला?"

आत्याबाई मागच्या दारानं कधीच निघून गेल्या होत्या. "मीच म्हटलं तुला कळवा," मी म्हणाले. कावळ्याचंही सांगितलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. जन्मभर मला तू म्हणणारी पोर. "पुढच्या वेळी खरं कळवलं ना, तरी मी येणार नाही. मला वाटेल, कावळाच बसला असेल."

ह्यांनी आणलेलं पाणी तिनं घेतलं नाही. दारातूनच वळली.

संध्याकाळी सोयगावहून जावेचा फोन आला.

"बऱ्या हाव ना, जाऊबाई?"

"बरी आहे."

"सकाळी पोरीचा फोन आल्ता, कंपनीतून निघताना. मम्मी, माझी आई गेली, म्हनली. आन् अशी रडली, अशी रडली, मला तिचं बोलनंच उमगंना. इतकं रडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी निघते म्हनलं, तर नको म्हनली. मी एकटीच जाते तिच्याकडं, म्हनली."

"तुला वाईट वाटलं असेल," मी म्हणाले.

"वाटलं की. पोटात नऊ महिने मीच ठिवली व्हती. पन तुमच्या ओटीत घातली तीबी मीच." मग म्हणाली, "तुम्ही रडवलं, आता तुम्हीच समजूत काढा. माझं नाय ऐकायची ती."

तेव्हापासून मी दर रविवारी सकाळी तिला फोन करते. वाजून वाजून थांबतो, ती उचलत नाही. पण तिनं माझा नंबर बंद केलेला नाही. म्हातारी अजून आहे, एवढं तिला त्या वाजण्यावरून कळत असेल. तेवढ्यासाठी करते.