पाटली आणि पाऊणकी

मी तिसरी पास. पुढं शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते सांगत बसत नाही. पण निघताना पावकी, निमकी आणि पाऊणकी, म्हणजे पाव-अर्ध्या-पाऊणचे पाढे, पाठ करून निघालो, आणि रेडिओचं काम हातानं शिकलो. सोलापुरात गिरणीच्या रस्त्याला माझं दुकान होतं. सत्तरच्या पुढची सालं. घरोघर ट्रान्झिस्टर आलेले, त्यामुळं मोडलेलेही घरोघर. असल्याच एका मोडक्या ट्रान्झिस्टरला तांब्याच्या तारेचं वेटोळं जोडून मी एक यंत्र केलं. काठीच्या टोकाला वेटोळं, खांद्याला रेडिओ. खाली धातू असला की सूर बदलायचा. गल्लीतले लोक वाळूच्या ढिगात पितळेचं भांडं पुरायचे आणि मी काढून द्यायचो. लोकांना नवल वाटे, मला नाही. मी केलेली वस्तू चालणारच.

त्या थंडीत गल्लीनं एसटी ठरवली आणि कोकण बघायला गेलो. समुद्र आम्ही नवरा-बायकोनं पहिल्यांदाच पाहिला. अमावास्या होती. संध्याकाळी पाणी इतकं लांब गेलेलं की बसलेल्या म्हशीएवढा एक काळा खडक बुडापासून उघडा पडला होता. बायको त्याच्या बुडाशी शिंपले वेचत बसली. नुकतीच आजारातून उठलेली, मनगटं वाळलेली. गाडी घाट चढायला लागली तेव्हा तिनं हात पाहिला. उजवी पाटली नव्हती.

पाटल्या तिच्या आईच्या, आणि आई वारलेली. अक्कलकोटला तिच्या धाकट्या भावाचं लगीन ठरलं होतं, आईच्या जागी हिनंच उभं राहायचं होतं. ती रडली नाही. पदर हातावर ओढून बसली, तो घर येईपर्यंत.

मी गल्लीत सगळ्यांसमोर सांगितलं, "यंत्र घिऊन जातो आन् पाटली घिऊन येतो."

"मीबी येते," बायको म्हणाली. "खडक मला म्हाईत हाय."

दुकानाला कुलूप घातलं. ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी बांधून घेतली. कोकणात त्या किनाऱ्याजवळच एका म्हाताऱ्या विधवा मावशीच्या पडवीत जागा मिळाली. अंगणात मासळी वाळत घातलेली. आमच्या घरात लिंगपूजा, मासळीला कुणी शिवत नाही; बायको नाकाला पदर लावूनच चूल पेटवायची.

पहिल्याच दिवशी बाराच्या आधी किनाऱ्यावर गेलो तर म्हशीची पाठ तेवढी वर. पाणी हळूहळू मागं सरत होतं. आमची भीमा अशीच ओसरते. एकदा ओसरायला लागली की रोज थोडी थोडी, थेट उन्हाळ्यापर्यंत. गेलेलं पाणी त्या सालात परत येत नाही, ही आमच्याकडची रीत. मी पाण्याच्या कडेला खुणेची एक काठी रोवली, चपला काढून तिच्याजवळ ठेवल्या आणि चहाला गेलो. दोनच्या सुमाराला आलो तर काठी आडवी, एक चप्पल लाटेवर डोलत होती. दुसरी दिसलीच नाही.

मावशी हसून हसून खोकली. "अरे पाव्हण्या, भांगाच्या दिवसांत आलास. आज अष्टमी. पाणी धड येत नाय, धड जात नाय. तुझा खडक आता पुनवेच्या उधाणालाच उघडा पडेल."

"पुनवंला आजून आठवडा हाय."

"मग बस आठवडाभर. समुद्राला काय घाई नाय."

तिनंच हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. तिथून सहा तासांनी ओहोटी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. मी म्हटलं, पाऊणकी मला येते. बायको म्हणाली, "आन् तिथ्या मला." तिचे उपासतापास सदा चालू.

तो आठवडा मला फार जड गेला. मला बसून राहायची सवय नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी हातात पेचकस असायचा. इथं करायचं काय, तर पाणी बघायचं. दिवसाची ओहोटी, पहाटेची ओहोटी, दोन्ही वेळा मी जायचो. पाणी दर दिवशी जरा जास्त मागं जाई, खडक जरा जास्त दिसे, आणि तो पुरता दिसायच्या आत पाणी वळे. रागानं मी मावशीचा बंद पडलेला रेडिओ दोनदा खोलून दोनदा जोडला. पहिल्यांदाच तो सुरू झाला होता.

"तुमी समुद्राला बी खोलून बगा," बायको म्हणाली.

पुनवेच्या संध्याकाळी खडक बुडापासून उघडा झाला. मी पळतच गेलो. वेटोळं ओल्या वाळूवर धरलं आणि यंत्र किंचाळायला लागलं. इथं धरलं किंचाळतंय, तिथं धरलं किंचाळतंय. सोलापुरात असं कधी झालं नव्हतं. मग डोक्यात आलं, हे खारं पाणी बोलतंय. मी त्या वाळूवरच बसून खुंटी फिरवत राहिलो, ती खारी ओल गप्प होईपर्यंत. स्टेशन लावतो तसं. पुन्हा उठलो. खडकाच्या बगलेला सूर चढला. स्पष्ट चढला.

खोरं मारलं. खड्डा करावा तेवढा ढासळतोय, वर पाणी भरतंय. बायको ओंजळीनं वाळू काढत होती. तेवढ्यात घोट्याला लाट लागली.

"वळलं पाणी," ती म्हणाली.

"वळू दे."

गुडघ्याला आलं. कमरेला आलं. मी वाकूनच होतो.

"साकु!" लई चिडली की तिच्या तोंडी माहेरचं कानडी यायचं. साकु म्हणजे पुरे. "उद्या पुन्ना जातंय की पाणी. रोज जातंय. तुमी गेलासा तर परत येनार हायसा का?"

ती माझ्या सदऱ्याला धरून ओढत होती. मला ते पटत नव्हतं. उद्याचं पाणी कुणी पाहिलंय? एक लाट खांद्यावरून गेली आणि ट्रान्झिस्टर बंद पडला.

दुसऱ्या संध्याकाळी खड्ड्याची खूणसुद्धा नव्हती. वाळू सपाट. यंत्र मुकं. खडकाच्या बगलेला अंदाजानं खोदलं आणि निघालं ते जाळ्याचं शिसं, जांभळाएवढं. तिसऱ्या दिवशीही खोदलं. चौथ्या दिवशी पाणी कमी मागं गेलं, तेव्हा बायकोनं हात झटकले. "चला."

"पुढच्या अवसंला..."

"चला म्हनते."

एसटीत ती म्हणाली, "हाय त्या एकीच्या दोन करून घेते. बारीक." सांगोला येईपर्यंत मी भिजलेला ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन पुसत होतो. एकीच्या दोन करणं म्हणजे दुसरी गेली असं कबूल करणं. यंत्र भिजलं नसतं तर मी ती काढलीच असती. आजही माझं तेच म्हणणं आहे.

लग्नात ती आईच्या जागी उभी राहिली. तिच्या सख्ख्या मावशीनं हात हातात घेतला, पाटली चाचपली. "आक्काच्या पाटल्या जड हुत्या की गं. ह्या बारीक लागत्यात."

"आईबी शेवटाला बारीकच झाली हुती," बायको म्हणाली आणि अक्षता वाटायला गेली.

मी मांडवातून बाहेर येऊन उभा राहिलो. तिथी विचारली. दशमी. दहाची पाऊणपट साडेसात.

ती पाऊणकी डोक्यातून गेलेली नाही. दुकान मुलाकडं दिलं, गिरणी बंद पडली, गुडघे गेले. तरी पुनव-अवसंला संध्याकाळ झाली की मला खाटेवर पडवत नाही. उठतो, दारापर्यंत जातो, चौकटीला धरून उभा राहतो. समोर रस्ता, रिक्षा, धूळ.

आतून ती विचारते, "गेलं का पानी?"

"गेलं."

"खडक?"

"उघडा पडला आसंल."

बारीक पाटल्या वाजतात. ती भाकरी थापत असते. "बरं झालं," म्हणते. "पानी वळायच्या आत जिवून घ्या."